रोजचा पेपर आठवड्यावर आला: एका जिल्हा दैनिकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या मराठी दैनिकाचं हे प्रकरण आहे. नाव, गाव आणि माणसांच्या खाणाखुणा मुद्दाम काढून टाकल्या आहेत, आणि आमचे स्वतःचे आकडे ढोबळ ठेवले आहेत. मी तिथे वितरण सांभाळत होतो. रात्री दीडला मशीन सुरू व्हायचं, तिथपासून सकाळी शेवटच्या एजंटाचा "गठ्ठा मिळाला" असा फोन येईपर्यंतचं सगळं माझ्याकडे. त्यामुळे पेपर कसा खाली आला हे मी संपादकांच्या टेबलावरून पाहिलं नाही. दर पहाटे गठ्ठे बांधताना सुतळी किती लागते, त्यावरून मला ते कळत गेलं.

पेपर सुरू झाला तो साप्ताहिक म्हणून. काही वर्षांनी मालकांच्या वडिलांनी छपाईचं जुनं वेब ऑफसेट मशीन घेतलं आणि तो रोजचा झाला. आठ पानं, किंमत तीन रुपये. प्रत्येक तालुक्याला एक बातमीदार, मोठ्या गावांत एजंट, आणि एजंटांच्या हाताखाली लाइन टाकणारी, म्हणजे घरोघरी पेपर पोहोचवणारी मुलं. पहाटेच्या पहिल्या एसटीने गठ्ठे जायचे. वरचा अंक उलटा ठेवून त्यावर निळ्या स्केचपेनने गावाचं नाव आणि अंकांची संख्या लिहायची. कंडक्टर ओळखीचे होते, गठ्ठा कुठल्या थांब्यावर कोणाच्या टपरीपाशी टाकायचा हे त्यांना पाठ होतं.

लोक हा पेपर कशासाठी घेत होते? बाजार समितीचे भाव, पाणीपट्टी, कालव्याचं आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) कधी सुटणार, पंचायत समितीतली भांडणं, निधनवार्ता आणि कोर्टाचे निकाल यांसाठी. राज्याच्या बातम्या द्यायला मोठी दैनिकं होतीच. आमच्यासारखे पेपर महाराष्ट्रात गावोगाव आहेत. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढला तेव्हापासून मराठी पत्रकारितेचा इतिहास पुण्या-मुंबईच्या पेपरांभोवती सांगितला जातो. पण रस्त्याच्या खड्ड्यावर तहसीलदारांना निवेदन देताना माणूस मागे जे कात्रण जोडतो, ते बहुधा अशा छोट्या पेपरातलं असतं.

अडचण नेमकी कुठे होती

"मोबाइलने पेपर मारला" असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे, मीही म्हणत होतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावातल्या तरण्या पोरांच्या हातात स्वस्त इंटरनेट आलं, हे खरंच आहे. पण त्या वर्षी आम्हाला पहिला मोठा फटका बसला तो ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीचा. सराफ, कापड दुकानदार, प्लॉट विकणारे, सगळ्यांनी दिवाळीनंतरच्या जाहिराती हात राखून दिल्या. त्यातल्या बऱ्याच परत आल्याच नाहीत. तोपर्यंत त्या दुकानदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच ग्राहकांची यादी करून घेतली होती.

पेपरचा हिशोब बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, म्हणून तो इथे मांडतो. आठ पानी अंकाचं वजन साधारण ३५ ग्रॅम. वाया जाणारा कागद धरला तर एका किलोत २७ अंक निघतात. आमच्या छपाईखान्यात कागद ४० रुपये किलोने पडायचा, तेव्हा एका अंकाला दीड रुपयाचा कागद लागायचा. तीन रुपयांच्या अंकावर एजंटाचं कमिशन एक रुपया, आमच्या हाती दोन. राहिलेल्या पन्नास पैशांत शाई, प्लेट, वीज, गाडीभाडं आणि पगार बसत नाहीत. तो सगळा खर्च जाहिरातीवर चालायचा. जाहिरात आटली की जास्त अंक विकणं म्हणजे जास्त तोटा करणं. खप वाढवायचा एवढंच काम आयुष्यभर केलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट पचायला फार वेळ लागला.

मग एकामागून एक घाव बसत गेले. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क लागलं, पुढच्या फेब्रुवारीत ते ५ टक्क्यांवर आलं. लगेच मार्च २०२० ची टाळेबंदी. कागदातून विषाणू येतो या भीतीने सोसायट्यांनी मुलांना दारातच अडवलं. १८ एप्रिलला राज्य सरकारच्या आदेशात घरोघरी पेपर टाकायलाच मनाई आली. काही दिवसांत त्यात बदल होऊन मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रं सोडून इतरत्र परवानगी मिळाली. पण तेवढ्या दिवसांत सकाळी पेपर हातात घेण्याची सवय मोडली. टाळेबंदी उठल्यावर आमचा खप आधीच्या निम्म्याच्या जरा वर येऊन थांबला.

पहिला निर्णय: फुकटची पीडीएफ

एप्रिल २०२० मध्ये एका संध्याकाळी मालक, संपादक, जाहिरात बघणारे आणि मी असे चौघे बसलो. अंक छापून वाटता येत नव्हता. संपादक म्हणाले, पानं लावतोच आहोत, तर पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडूया, निदान वाचक तुटणार नाही. दहा मिनिटांत ठरलं. पैसे मागायचे का, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. संकटाच्या काळात पैसे कसले मागायचे, अशी सगळ्यांची भावना होती आणि ती मनापासूनची होती.

पीडीएफ जिल्ह्याबाहेर पोहोचली. पुण्यात, मुंबईत, दुबईत नोकरीला असलेली आमच्या भागातली मुलं पहाटे सहाला "आज अजून आला नाही" असा मेसेज करू लागली. आम्ही हरखून गेलो. पण ती बंद कधी करायची हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं. जूनमध्ये लाइन पुन्हा सुरू झाली तेव्हा एका जुन्या वर्गणीदाराने आमच्या एजंटाला सरळ सांगितलं, "मोबाइलवर तोच पेपर येतो की, बिल कशाचं?" एजंटाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पुढे आम्ही पीडीएफला वर्षाला तीनशे रुपये ठेवून पाहिले. ज्यांनी पैसे भरले, त्यांनीच ती ग्रुपवर टाकली.

दुसरा निर्णय: बातमीदारांचं मानधन

मला आजही सगळ्यात जास्त टोचतो तो हाच निर्णय. २०२० च्या अखेरीला खर्च कमी करायची यादी झाली. मशीनचे हप्ते फिटलेले होते, पण मशीन चालवायला पाच माणसं, वीज आणि दुरुस्ती लागायची. दुसरीकडे तालुक्याच्या बातमीदारांना महिन्याला दोन-तीन हजार रुपये मानधन होतं. एकेकाचा आकडा लहान, पण यादीत सगळ्यांची बेरीज मोठी दिसत होती. मशीन म्हणजे पेपर, आणि बातमी काय कुठूनही येते, असं त्या खोलीत सगळ्यांनाच वाटत होतं. मानधन बंद झालं. "जाहिरात आणा, त्यावर कमिशन घ्या" असं बातमीदारांना सांगण्यात आलं.

तीन महिन्यांत पेपरचा चेहरा बदलला. पुढाऱ्यांच्या कार्यालयातून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी प्रसिद्धीपत्रकं जशीच्या तशी पानावर लागू लागली. वाढदिवसाच्या जाहिराती आणि त्याच माणसाच्या बातम्या शेजारी शेजारी दिसायला लागल्या. कालव्याच्या आवर्तनाची बातमी बंद झाली, कारण ती आणणारा बातमीदार पाटबंधारे कार्यालयात स्वतः जाऊन तारीख विचारायचा आणि आता त्याला जायचं काही कारण उरलं नव्हतं. आधी मोबाइलवर येऊन गेलेलंच आम्ही दुसऱ्या दिवशी छापत होतो. असा पेपर पैसे देऊन कोण घेणार?

एसटीचा संप आणि कागदाचा भाव

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मला सहानुभूतीच होती, पण आमचे गठ्ठे पडून राहिले. दोन टेम्पो भाड्याने लावले. एक टेम्पो चार तालुके फिरायचा, शेवटच्या गावात पोहोचायला साडेनऊ वाजायचे. शाळा-कॉलेजच्या मुलांची लाइन तेव्हा कशी लागणार? मुलं सुटली. एकदा मुलगा सुटला की ती लाइन पुन्हा लावायला एजंटाला महिना-दोन महिने लागतात, आणि तेवढ्यात घरं तुटतात.

संप चालू असतानाच, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. भारतात येणाऱ्या वृत्तपत्री कागदाचा मोठा वाटा रशियाचा होता. आमच्याकडे कागद ७५ रुपये किलोपर्यंत गेला. वरचा हिशोब पुन्हा घाला: आता एका अंकाला पावणेतीन रुपयांचा कागद, आणि हातात येणार दोन. किंमत चार रुपये केली असती तरी कागदाचे पैसे जाऊन हाती जवळजवळ काहीच उरलं नसतं.

समोर असलेले पर्याय

मे २०२२ मध्ये मालकांनी तिसरी बैठक घेतली. या वेळी घाई नव्हती, महिनाभर चर्चा चालली.

किंमत पाच रुपये करावी, हा पहिला विचार. मोठी दैनिकं कूपन चिकटवा आणि भेटवस्तू मिळवा अशा योजना लावून आमच्याच किमतीत दुप्पट पानं देत होती. आम्ही एकट्याने किंमत वाढवायला घाबरत आलो होतो.

छपाई पूर्ण बंद करून फक्त मोबाइलवर राहावं, असं मालकांच्या मुलाचं म्हणणं होतं. त्याने पोर्टल सुरू करून पाहिलं होतं. लोक वाचत होते, पण गूगलच्या जाहिरातींतून महिन्याला जे मिळायचं, त्यात एका बातमीदाराचं जुनं मानधनही सुटत नव्हतं.

साप्ताहिक करावं, असं संपादक म्हणत होते. डिसेंबर २०२० मध्ये 'मुंबई मिरर'सारखं दैनिक साप्ताहिक होणार असल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून तो विचार त्यांच्या डोक्यात होता. त्याला आडवी आली ती जाहीर नोटीस. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं असावं, असं लिहिलं आहे. कायद्याला दैनिकच लागतं. आमच्या जिल्ह्यातून रस्त्यांची कामं चालली होती आणि त्या नोटिसांवर आमचे पगार निघत होते. साप्ताहिक झालं की ते उत्पन्न गेलं. सरकारी जाहिराती मिळणाऱ्या पेपरांच्या यादीतही आमचा दर खाली येणार होता.

चौथा पर्याय कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण तो टेबलावर होता. यादीवर राहण्यापुरते, नोटिसा छापण्यापुरते रोज थोडे अंक काढायचे, कार्यालयांना पोच द्यायची, आणि वाचकाचा नाद सोडायचा. धंद्यात याला फाइल कॉपी म्हणतात. कागदावर दैनिक जिवंत, गावात कोणाच्याच दारात नाही. हिशोबाने हाच पर्याय सगळ्यात फायद्याचा होता, आणि त्या वाटेने गेलेले पेपर आम्हाला माहीत होते. मालकांनी तीन दिवस विचार केला आणि नकार दिला. ते एवढंच म्हणाले की, ज्याची जमीन चालली आहे त्याने नोटीस वाचावी म्हणून कायद्याने ती पेपरात छापायला लावली आहे, आणि त्याच्या गावात पेपर जातच नसेल तर ती छापण्याचे पैसे आपण कशाचे घ्यायचे? त्यांच्याशी माझे अनेक मतभेद झाले, पण या बाबतीत त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

वहीतली नोंद

निर्णयाआधी मी पंधरा दिवस मागून घेतले. पेपर बंद केलेल्या घरांची यादी एजंटांकडून घेतली, लाइनच्या मुलांबरोबर सकाळी फिरलो आणि बंद का केला ते वहीत लिहीत गेलो. शास्त्रशुद्ध पाहणी नव्हती ती, दारात उभं राहून केलेल्या गप्पा होत्या.

मोबाइल आला म्हणून बंद केला, असं सांगणारे होते, पण माझ्या अंदाजापेक्षा कमी. बरेच जण म्हणाले की उशिरा यायला लागला, मग राहूनच गेला. "मुलगा यायचा बंद झाला, आम्ही बंद केला नाही," असंही कितीतरी घरांतून ऐकलं. आणि "त्यात आता आपल्या गावाचं काही नसतं" हे वाक्य तर पानापानावर आहे. एका घरी आजींनी देव्हाऱ्याखालच्या फडताळातून जुने अंक काढून दाखवले. यजमानांच्या निधनाची वार्ता, नातवाचा स्कॉलरशिपमधला फोटो, आणि पुरात पाणी घरात शिरलं त्या दिवसाचा अंक. प्लास्टिकच्या पिशवीत, कडा पिवळ्या पडलेल्या. "मोबाइलमधलं सापडत नाही हो नंतर," त्या म्हणाल्या.

मी ती वही बैठकीत वाचून दाखवली. त्यानंतर बातमीदारांचा विषय पुन्हा टेबलावर आला.

काय केलं

२०२२ च्या दिवाळीनंतर दैनिक थांबवून साप्ताहिक करायचं ठरलं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे प्रकाशनाचा कालावधी बदलला की पेपर काढण्यासाठी केलेलं जुनं घोषणापत्र चालत नसे, जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे नवं करावं लागायचं. त्या कामात बरेच दिवस गेले. बारा पानं, किंमत दहा रुपये, दर गुरुवारी. छपाई शेजारच्या शहरातल्या छपाईखान्याकडे दिली. मशीन मोडीत काढलं आणि त्या पैशांतून चार तालुक्यांच्या बातमीदारांचं मानधन पूर्वीपेक्षा जास्त करून सुरू केलं. रोज सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर बाजारभाव, आवर्तन, वीज बंद राहण्याच्या वेळा आणि निधनवार्ता एवढंच मजकुराच्या स्वरूपात, फुकट. पीडीएफ कोणालाच नाही. बाहेरगावच्या वर्गणीदारांना अंक टपालाने. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालखर्च तेव्हाही पैशांत मोजावा इतका कमी यायचा. इतक्या वर्षांत ही सोय आम्ही कधी नीट वापरलीच नव्हती.

काय झालं

साप्ताहिकाचा खप टाळेबंदीआधीच्या दैनिकाच्या एक तृतीयांशही नाही. पण प्रत्येक अंकामागे तोटा होत नाही. पहिलं वर्ष घाट्यात गेलं, दुसऱ्या वर्षी जेमतेम तोंडमिळवणी झाली. कालव्याची बातमी परत आली. एका तालुक्यात पाणीपट्टीच्या दुहेरी वसुलीची बातमी आमच्या बातमीदाराने पावत्यांसह दिली आणि ती दुरुस्त झाली. रोजच्या पळापळीत त्याला तेवढा वेळ मिळाला नसता.

गमावलं तेही लिहितो. भूसंपादनाच्या नोटिसा गेल्या. मशीनवरची पाच माणसं घरी बसली, त्यातला एक आता हॉटेलात रात्रपाळीला असतो. दोन दूरच्या तालुक्यांत अंक पाठवणं परवडत नाही म्हणून एजन्सी बंद केली, तिथे आता आमचं काहीच जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फुकट मजकुरातून साप्ताहिकाचे वर्गणीदार वाढतील ही आशा फारशी खरी झालेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पीडीएफ फुकट देणं चूक नव्हतं, शेवटची तारीख न लावणं चूक होती. पहिल्याच दिवशी "३१ मेपर्यंत" असं पानावर छापलं असतं, तर एजंटाच्या हातात उत्तर राहिलं असतं.

बातमीदार आधी कमी केले आणि मशीन शेवटी. क्रम उलटा असायला हवा होता. बाहेर छापून घेण्याची चौकशी आम्ही २०२० मध्येच केली असती, तर मधली दोन वर्षं पेपर रिकामा झाला नसता, आणि कदाचित दैनिकही काही काळ टिकलं असतं. याची खात्री मी देऊ शकत नाही, कागदाचा भाव आमच्या हातात नव्हताच. किंमत दोन-तीन वर्षं आधी, थोडी थोडी वाढवायला हवी होती. पाच रुपयांना घाबरलेल्या आम्हाला दहा रुपये देणारे वाचक मिळाले, पण थोडे, कारण बाकीचे तोवर तुटले होते.

वितरणातली चूक माझी. मुलं सुटली तेव्हा मी टेम्पोच्या वेळांशी भांडत बसलो. एजंटांना एकत्र बोलावून, चार पेपरांची लाइन एकाच मुलाने टाकायची व्यवस्था लावता आली असती. एजंट तयार होते, नंतर त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आणि मशीनवरच्या माणसांना सांगण्याची पद्धत. घोषणापत्राचं काम पूर्ण होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असं ठरलं होतं. पण भंगारवाला मशीनचं माप घ्यायला एक दिवस आधीच आला. पंचवीस वर्षं त्या मशीनवर काढलेला मशीनमन तेव्हा रोलर पुसत होता. भंगारवाल्याने त्यालाच विचारलं, "सिलिंडर लोखंडाचा का स्टीलचा?" त्याने नीट उत्तर दिलं, टेप धरायला मदत केली, हात धुतले आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. आधीच्या आठवड्यातच त्याला खुर्ची देऊन सांगणं आमच्या हातात होतं. हिशोबाचे पैसे त्याला वेळेवर मिळाले. शेवटच्या दैनिकाचा अंक त्यानेच छापला, आणि पहाटे गठ्ठ्यांवर गावांची नावं घालायला माझ्याबरोबर थांबला.